वसरीतला कन्सोल, माडीवरचा कॉम्प्युटर: घरच्या नेटवर्कवरून जोडणी कशी करावी

चवथ आठवड्यावर आली की गोव्यात साखळी गावी माझ्या बहिणीच्या घरी वसरीतला टीव्ही जागचा हलतो. गणपतीची जागा ठरलेली, वर फळाफुलांच्या माटोळीची चौकट ठरलेली, आणि टीव्ही नेमका त्याच भिंतीला. मग टीव्ही चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत जातो आणि प्लेस्टेशन कपाटावर तसाच राहतो. भाच्याने विचारलं, "मामा, माझा कॉम्प्युटर माडीवर आहे. त्याच्या स्क्रीनवर गेम आणता येईल?"

येतो. त्यासाठी वसरीपासून माडीपर्यंत एचडीएमआयची वायर ओढावी लागत नाही. कन्सोल आणि कॉम्प्युटर घरच्या एकाच नेटवर्कवर असले की पुरतं. ज्यांनी आजवर राउटरच्या सेटिंगला हात लावलेला नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय, म्हणून काही गोष्टी अगदी पहिल्यापासून सांगतो.

गेम चालतो तो कन्सोलवरच. कन्सोल प्रत्येक चित्राचा व्हिडिओ करून नेटवर्कवरून कॉम्प्युटरला पाठवतो, आणि तुम्ही कंट्रोलरवर दाबलेलं बटण त्याच वाटेने उलट कन्सोलकडे जातं. कॉम्प्युटरचं काम फक्त व्हिडिओ दाखवण्याचं, म्हणून महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही. विंडोज १० किंवा ११ असलेला साधा लॅपटॉप चालतो, मॅकही चालतो. सोनीने या सोयीला रिमोट प्ले असं नाव दिलं आहे. पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४, त्यावरून कॉम्प्युटरवर ती २०१६ साली आली. एक्सबॉक्सवालेही तेच नाव वापरतात. निन्टेन्डो स्विचला मात्र कॉम्प्युटरवर खेळण्याची अशी अधिकृत सोय नाही.

आता मुख्य गोष्ट. घरातलं नेटवर्क वेगळं आणि इंटरनेट वेगळं. चित्र वसरीतून राउटरपर्यंत जातं आणि राउटरवरून माडीवर. ते पणजीला नाही जात, मुंबईलाही नाही. इंटरनेट लागतं ते खात्यात साइन इन करायला. म्हणून गेम अडकायला लागला की लोक १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घेतात, त्याचा इथे काडीचा उपयोग होत नाही. सोनीच्या सांगण्यानुसार रिमोट प्लेला किमान ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस लागतात. एवढा वेग घरातल्या घरात कुठलाही राउटर देतो. अडचण असते ती वेग एकसारखा टिकण्याची. सेकंदाचा पाव भाग जरी माहिती अडली, तरी उडी मारायचं बटण तुम्ही दाबलेलं असतं आणि गडी खड्ड्यात गेलेला असतो.

आधी घराच्या भिंती बघा

आपली जुनी घरं चिऱ्याची. जाड भिंती, त्यावर गिलावा, मधे राजांगण म्हणजे घरातलं उघडं अंगण, आणि राउटर बसवलेला असतो कंपनीचा माणूस जिथे वायर घेऊन आला तिथे, म्हणजे बहुधा दर्शनी खिडकीपाशी. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो. शिवाय चिरा सच्छिद्र दगड आहे. पावसात तो पाणी पितो, आणि ओली भिंत लहरी आणखी शोषते. मे महिन्यात छान चाललेली जोडणी जुलैत रडते, त्याचं हे एक कारण.

पहिल्या पिढीचा पीएस४, म्हणजे २०१३ चा जाडा मॉडेल, तुमच्याकडे असेल तर त्याच्या वायफायला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही. पीएस४ स्लिम, प्रो, पीएस५ आणि नवे एक्सबॉक्स यांना दोन्ही पट्टे चालतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कन्सोल आणि कॉम्प्युटर दोन्ही वायफायवर असले तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं: एकदा कन्सोलवरून राउटरकडे, दुसऱ्यांदा राउटरवरून कॉम्प्युटरकडे. एका वेळी एकानेच बोलायचं हा हवेचा नियम. म्हणजे एकाच्याच पाठीवर दुप्पट ओझं. दोघांपैकी एकाला जरी वायर लावली तरी हवेतला भार निम्म्यावर येतो. कुणाला लावायची? कन्सोलला. तो जागचा हलत नाही, लॅपटॉप हलतो.

वायर ओढणं

माझं मत विचाराल तर नवा राउटर किंवा मेश (घरभर ठेवलेल्या दोन-तीन डब्यांतून एकच वायफाय पसरवणारा संच) घेण्याआधी वायरीवर पैसे घाला. दुकानात कॅट-५ई किंवा कॅट-६ मागा. कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते, आणि आपली घरं कितीही ऐसपैस असली तरी एवढी नसतात. घेताना एक प्रश्न जरूर विचारा: आत शुद्ध तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम? दुसरी स्वस्त पडते, पण वळवताना आत तुटते, आणि तुटलंय कुठे ते बाहेरून कळत नाही.

वायर माळ्यावरून नेणं सगळ्यात सोपं. कौलाखालच्या वाशाला धरून न्या, पण विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. जिथे उंदरांचा वावर आहे तिथे प्लास्टिकच्या नळीतून काढा. वळणावर करकचून दुमडू नका, गोल फिरवा. राजांगण ओलांडायचं असेल तर उघड्यावरून ताणू नका, वसरीच्या कडेने फिरवून आणा. वायर थोडी जास्त जाते, पण पावसापासून वाचते.

टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवून घ्यायचा. दुकानदार तिथेच बसवून देतात, पण भिंतीच्या भोकातून कनेक्टर जात नसेल तर एक टोक घरी बसवावं लागतं. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरल्या की डावीकडून रंग असे येतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते, नवखे तिथेच चुकतात. तारा कनेक्टरच्या अगदी टोकाला टेकल्या आहेत ना, हे उजेडात धरून बघा आणि मगच पकडीने दाबा.

वायर धड बसली का ते कॉम्प्युटर सांगतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क, मग इथरनेट. तिथे लिंक स्पीड १००० दिसला तर आठही तारा जिवंत आहेत. १०० दिसला तर एखादी तार लागलेली नाही, किंवा राउटरचं पोर्टच जुनं आहे. रिमोट प्लेला १०० सुद्धा पुरतो, पण तार अर्धवट लागलेली असेल तर ती कधीतरी सुटणारच, म्हणून टोक पुन्हा बसवा. समुद्राजवळच्या घरांत, कळंगुट-मोरजी बाजूला, खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. पावसाळा संपला की कनेक्टर एकदा काढून बघायची सवय ठेवा.

वायर शक्यच नसेल तर राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणा. मेश घेतलात तर त्याचा दुसरा डबा कन्सोलच्या खोलीत ठेवा आणि डब्यापासून कन्सोलपर्यंत हातभर वायर लावा. विजेच्या प्लगमधून नेटवर्क नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण जुन्या वायरिंगमध्ये, दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असल्या तर, त्यांचा भरवसा नाही.

एका घरात दोन राउटर

बहिणीच्या घरी माझे दोन रविवार गेले ते इथे. वायर नवी, कन्सोल वायरवर, लॅपटॉप माडीवर राउटरच्या शेजारी, तरी लॅपटॉपवरच्या रिमोट प्लेच्या ॲपला कन्सोल सापडेना. कधी सापडलाच तर भाचा खालून हाक मारायचा, "मामा, लागलं!" आणि दोन मिनिटांत, "गेलं परत."

दोष वायरीत नव्हता. कंपनीचा राउटर खाली होता. माडीवर रेंज येत नाही म्हणून कुणीतरी वर दुसरा राउटर बसवून दिला होता, आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवत होता. म्हणजे घरात एक वाडा नाही, दोन वाडे, मधे कुंपण. ॲप कन्सोलला शोधतं ते वाड्यात हाक मारून, आणि ती हाक कुंपणापलीकडे जात नाही. मग ॲप इंटरनेटवरून वाट काढायला निघतं. वसरीतलं चित्र माडीवर यायला गाव फिरून येतं.

तुमच्याकडे असं आहे का ते पाच मिनिटांत कळतं. कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर करा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आयपीव्ही४ ॲड्रेस असं लिहिलेल्या ओळीत चार आकडे टिंबांनी जोडलेले दिसतील, समजा १९२.१६८.०.१०५. ते कागदावर लिहा. आता कन्सोलवर जा. पीएस५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, कनेक्शन स्टेटस, व्ह्यू कनेक्शन स्टेटस. तिथलाही पत्ता लिहून घ्या. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे असायला हवेत. एकीकडे १९२.१६८.० आणि दुसरीकडे १९२.१६८.१ निघालं, तर दोन वाडे आहेत.

इलाज फुकटचा आहे. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तो चालू करा. राउटर रीस्टार्ट होतो आणि त्यानंतर फक्त वायफाय पसरवण्याचं काम करतो, पत्ते वाटण्याचं काम खालच्यावर सोडतो. जुन्या राउटरमध्ये हा मोड नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरच्या वाड्यातला, पण कुणी न वापरलेला द्या, खालचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ चालेल. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा. शेवटी खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमधून (इंटरनेटच्या वायरीचं भोक) काढून लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांच्या वायरीचं भोक) घाला. हाच क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर त्याच्या सेटिंगच्या पानापर्यंत परत पोचताना दमछाक होते.

याच जातीची आणखी एक अडचण: पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय. त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत असाच त्याचा बेत असतो. लॅपटॉप चुकून त्यावर राहिला असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही कन्सोल दिसणार नाही. आणि विंडोजमध्ये तुमच्या वायफायच्या नावाखाली पब्लिक नेटवर्क निवडलेलं असेल तर ते प्रायव्हेट करा.

कन्सोलवर

पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट प्ले इथे जाऊन एनेबल रिमोट प्ले चालू करा. मग सिस्टममध्येच पॉवर सेव्हिंग, त्यात रेस्ट मोडमधल्या सोयी, आणि तिथे इंटरनेटशी जोडलेलं राहण्याचा आणि नेटवर्कवरून कन्सोल चालू करण्याचा असे दोन्ही पर्याय चालू ठेवा. हे केलं की माडीवरूनच कन्सोल जागा होतो, खाली जाऊन बटण दाबावं लागत नाही.

पीएस४ वर सेटिंग्जमध्ये रिमोट प्ले कनेक्शन सेटिंग्ज असं वेगळं सदर आहे. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, डिव्हायसेस अँड कनेक्शन्स, रिमोट फीचर्स.

जमलं तर राउटरमध्ये कन्सोलला कायमचा पत्ता राखून ठेवा. डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन नावाच्या पानावर कन्सोलचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आणि हवा तो पत्ता भरायचा. नेटवर्कमध्ये काही बिघडलं की शोधाशोध करताना याचा फार उपयोग होतो.

कॉम्प्युटरवर

प्लेस्टेशनसाठी सोनीच्या संकेतस्थळावरून पीएस रिमोट प्ले हे ॲप घ्या, एक्सबॉक्ससाठी विंडोजचं एक्सबॉक्स ॲप. खातं कन्सोलवर आहे तेच वापरायचं. घरात दादाचं एक आणि धाकट्याचं एक अशी दोन खाती असतात, आणि लॅपटॉपवर भलत्याचंच खातं उघडं राहतं, तेवढं तपासा.

कंट्रोलर यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला लावा. ब्लूटूथनेही लागतो, पण पहिल्या दिवशी वायरच बरी, एक शंका कमी होते. वायर फक्त चार्जिंगची नको, माहिती नेणारी हवी. मोबाईलसोबत आलेल्या काही वायरी नुसतं चार्ज करतात आणि कॉम्प्युटरला कंट्रोलर दिसतच नाही.

ॲपला कन्सोल आपोआप सापडला नाही तर कन्सोलच्या रिमोट प्लेच्या पानावर लिंक डिव्हाइस निवडा. आठ आकड्यांचा नंबर दिसेल, तो ॲपमध्ये टाका. पहिली जोडणी टीव्ही जागेवर असतानाच करून ठेवा. चवथीच्या आदल्या रात्री चादरीतला टीव्ही त्यासाठी बाहेर काढायला घरचे तयार होणार नाहीत.

चित्राची स्पष्टता सुरुवातीला ७२० पी वर ठेवा. साध्या पीएस४ ची हीच कमाल आहे. पीएस४ प्रो आणि पीएस५ वर १०८० पी मिळतं, पण अर्धा तास ७२० वर सुरळीत खेळून झाल्यावरच वर जा. ब्लू-रे डिस्क रिमोट प्लेवर दिसत नाही, आणि काही थोडे गेमही चालत नाहीत. तसं झालं तर दोष तुमच्या जोडणीचा नाही.

तरीही अडकत असेल तर अंदाज बांधत बसू नका, मोजा. त्या काळ्या खिडकीत पिंग हा शब्द, एक जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी, सगळं इंग्रजी अक्षरांत. राउटरचा पत्ता आयपीकॉन्फिगच्या यादीत डिफॉल्ट गेटवे म्हणून मिळतो. दर सेकंदाला एक ओळ उमटेल आणि शेवटी मिलिसेकंद दिसतील. वायरवर १ किंवा त्याहून कमी येतं. चांगल्या वायफायवर आकडा एक अंकीच असतो. मधेच ८०, १५० अशा उड्या दिसल्या किंवा टाइम्ड आउट अशी ओळ आली, तर दुखणं लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत आहे. लॅपटॉप हातात घेऊन खोलीभर फिरा आणि आकडे बघा. माडीवर खिडकीकडून दाराकडे चार पावलं आलो तेव्हा आकडा ४० वरून ४ वर आला होता. दाराच्या रेषेत राजांगण येतं, तिथे मधे भिंतच नाही. टेबल सरकवलं, काम झालं. पिंग थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा.

घरात केबलचं इंटरनेट नसेल तर

सत्तरी, सांगे या तालुक्यांत अशी घरं आहेत जिथे सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. तिथेही जोडणी होते. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडा आणि लॅपटॉप ते कन्सोल अशी एक सरळ वायर लावा. मग कंट्रोल पॅनलमध्ये नेटवर्क कनेक्शन्स उघडा, वायफायवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तिथल्या पहिल्या चौकटीत खूण करा. कन्सोलला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळाला की समजा जमलं. गेमचं चित्र या वायरीतूनच येतं, मोबाईलचा डेटा त्यात जात नाही. कन्सोलचे आपोआप होणारे अपडेट मात्र बंद करा, एकेक अपडेट कित्येक जीबींचा असतो. लॅपटॉप रीस्टार्ट झाल्यावर ही वाटणी कधीकधी बंद पडते, तेव्हा खूण काढून पुन्हा करा.

विजा

मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात संध्याकाळी आभाळ भरून येतं, तेव्हा आपल्याकडे माणसं टीव्हीचा प्लग काढतात आणि नेटवर्कची वायर विसरतात. जवळ वीज पडली तर झटका लांब तांब्याच्या वायरीतूनही येतो आणि तिच्या दोन्ही टोकांची पोर्टं जाळतो. आमच्या घरी एका राउटरची दोन पोर्टं अशीच गेली, विजेचा प्लग काढलेला असताना. म्हणून गडगडाट सुरू झाला की कन्सोलच्या मागची लॅन वायर काढून ठेवा, कॉम्प्युटरचीही. एका घरातून अंगणापलीकडच्या दुसऱ्या घरात तांब्याची वायर नेऊच नका, तिथे फायबर घाला.

त्या दिवसांत कन्सोल रेस्ट मोडमध्येही ठेवू नका, पूर्ण बंद करा. रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली तर पुढच्या वेळी तो नीट बंद केला नव्हता म्हणून तक्रार करतो आणि आतली साठवण तपासत बसतो. अर्धवट राहिलेला खेळही जातो. राउटरला छोटा यूपीएस लावला तर पावसातल्या मिनिटभराच्या वीजखंडात नेटवर्क टिकतं, पण कन्सोलचा भार तो पेलत नाही.

वीज आली की सगळं एकदम चालू करू नका. आधी खालचा राउटर. त्याचे दिवे स्थिर झाले की माडीवरचा. मग लॅनच्या वायरी, मग कन्सोल, आणि त्याला नेटवर्क मिळाल्याचं दिसलं की लॅपटॉपवरचं ॲप.